निळ्या कडीची कोंबडी

लांजीच्या बसमध्ये एकच जागा उरली होती, आणि तिथे एक बर्फाचा डबा ऐसपैस बसला होता. डब्याचा मालक शेजारी अंग चोरून बसलेला.

“डब्याचं तिकीट काढलं का?” अपेक्षानं विचारलं.

त्यानं डबा मांडीवर घेतला. किरनापुरापर्यंत डबा ठिबकत राहिला, त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि अपेक्षा खिडकीबाहेर पाहत हसू दाबत राहिली. उतरल्यावर कळलं, दोघांना एकाच गावाला जायचंय. तो प्रीतम, मूळचा तिरोडीचा; जबलपुरात राहून कोंबड्यांच्या लशीवर संशोधन करत होता. ती गावची पशुसखी, म्हणजे शेळी आजारी पडो की कोंबडी, लोक आधी तिच्या दारात. जबलपूरच्या पाहुण्याला गाव दाखवायचं फर्मानही तिलाच आलं होतं.

मानमोडी आली की गावच्या कोंबड्या पटापट माना टाकतात. प्रीतमची लस त्याच रोगावरची, पण सुईची नव्हती. नाकात थेंब सोडायचा. दारोदार अपेक्षा कोंबडी धरायची, तो थेंब सोडायचा आणि खूण म्हणून पायात निळी कडी अडकवायचा.

“खेकड्याच्या कवचातून एक पदार्थ निघते,” त्यानं सांगितलं. “त्याचे डोळ्याले न दिसणारे कण करायचे अन् लस त्यात भरायची.”

“म्हणजे पुडी बांधायची.”

“हौ, पुडीच. ती नाकात चिकटून राह्यते. हळूहळू सुटते, म्हणून शरीराले रोगाची ओळख चांगली पटते. घाईघाईत नाही पटत ना...”

“अन् एकदा चिकटलं की मग सुटतच नाही, असं नाही ना होत?”

“मी कणांचं सांगून राह्यलो,” तो म्हणाला, आणि पुढचा थेंब त्यानं स्वतःच्याच अंगठ्यावर सोडला.

मग तो कोंबड्या तपासायला येत राहिला. तपासणी घटकाभराची, चहाला मात्र अर्धी दुपार लागायची. अपेक्षाला तो आवडत होता; तिला ते पक्कं ठाऊक होतं, फक्त ती कोणाला सांगत नव्हती. एकदा ती बालाघाटला गेली असताना तो आला, तर तिच्या आईनं, रुख्माबाईनं, त्याला जेवायला ठेवून घेतलं. अपेक्षा परतली तेव्हा तो नाकाडोळ्यांतून पाणी गाळत कोंबडीचा रस्सा ओरपत होता आणि पुन्हा वाढा म्हणत होता.

धान कापून झालं, तसे त्यानं कडीवाल्या कोंबड्यांच्या रक्ताचे नमुने तपासायला नेले. परत आला तो तोंडावर बारा वाजलेले घेऊन. साऱ्या गावच्या कोंबड्यांत रोगाशी लढायची ताकद भरपूर आली होती. अपेक्षाच्या घरच्या एका कोंबडीत मात्र काहीच नव्हतं, जसा काही तिच्या नाकात थेंब पडलाच नव्हता. त्याचे गुरुजी म्हणत होते, कणच कुठेतरी फुटले असणार. कारण सापडलं नाही, तर सारं गाव पहिल्यापासून पुन्हा करा.

म्हणजे आणखी कितीतरी महिने. प्रीतम बिचारा रडकुंडीला आला होता, आणि अपेक्षाच्या मनात लाडू फुटत होते. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाडू काही थांबेनात.

संध्याकाळी तिनं हे आईला सांगितलं. रुख्माबाईनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

“ते तर दुसरी आहे, बिनथेंबाची,” ती म्हणाली. “कडीवाली त्या दिवशी डॉक्टरबाबूलेच रांधून घातली. पाहुण्याले का मरतुकडी देऊ? मग तिची कडी या करड्या कोंबडीच्या पायात टाकली. त्यायची गिनती चुकू नये म्हणून.”

आता बोललं नाही तर प्रीतम येत राहणार होता. बोललं, तर त्याचं काम फत्ते आणि इकडची वाट बंद. करडीला कोणी विचारायला जाणार नव्हतं. अपेक्षानं दोन दिवस मनाची समजूत घातली. ती काही पटेना. तिसऱ्या दिवशी, कारण न सापडताच निघालेल्या प्रीतमला बसपर्यंत सोडायला जाताना, धानाच्या रिकाम्या बांध्यांमधल्या वाटेवर, तिनं सारं सांगून टाकलं. आईवर राग धरू नका, असंही म्हणाली.

प्रीतम इतका हसला, की त्याला बांधावर बसावं लागलं. हसता हसता तो थांबला.

“म्हणजे कण बरोबर होते.”

“हौ.”

“म्हणजे पुन्हा काही करायचं नाही. माझं इथलं काम संपलं.”

“हौ.”

“सांगायच्या आधी हे माहीत होतं तुम्हाले?”

“माहीत होतं.”

“मग काहून सांगितलं?”

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. अपेक्षानं एकदा तिकडे पाहिलं.

“तुम्ही मले आवडता,” ती म्हणाली. “त्या करडीच्या भरवशावर तुम्हाले अडकवून ठेवलं असतं... तर मंग तुमच्या तोंडाकडे पाहता नसतं आलं मले.”

बस आली. कंडक्टरनं दार उघडून बांधावरच्या माणसाकडे पाहिलं. प्रीतमनं हातानंच जा म्हणून सांगितलं, आणि बस निघून गेली.

“बिनकामाचा येत जाऊ का?” त्यानं विचारलं.

“गाव का म्हणन?”

“गावाले नंतर विचारू. तुम्ही सांगा.”

अपेक्षानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. पाहता आलं.

“या,” ती म्हणाली.