सुटलेली सांगड

लिलावाची वेळ झाली की नांदखोल बंदरावरच्या बायका आता दर्याकडे बघत नसत, तेजल मेथरच्या पडद्याकडे बघत. मच्छीमार सोसायटीच्या रेडिओखोलीत भिंतभर लावलेल्या त्या पडद्यावर गावातली प्रत्येक होडी हिरवा ठिपका होऊन हलायची आणि तिच्याखालचा समुद्राचा तळ रंगांत उमटायचा. खडक तांबडा, चिखल करडा, मासळीचा थवा पिवळा. "आज बांगडो येतलो काय गो?" असं विचारत बायका टोपल्या घेऊन दारात उभ्या राहत आणि तेजल पिवळे डाग बघून उत्तर देई. तिचं सहसा चुकत नसे.

ही किमया एका डबीची होती. होडीवर तीन यंत्रं पूर्वीपासूनच असत, पण तिघांची एकमेकांशी ओळख नसे. सोनार पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून तळ नि मासळी ओळखायचा. जीपीएसला होडी कुठे आहे ते कळायचं. रेडिओला नुसतं बोलता यायचं, सांगण्यासारखं मात्र त्याच्यापाशी काही नसायचं. नव्या डबीने बारीक तारांनी तिघांना एकत्र बांधलं, म्हणून तिचं नाव पडलं सांगड. एका होडीला दिसलेलं सगळ्या होड्यांना दिसू लागलं. शिवाय संकटात रेडिओवरचं लाल बटण दाबलं की होडीचं ठिकाण आपोआप सगळीकडे पोचे. बुडणाऱ्या माणसाला पत्ता सांगत बसावं लागत नसे. गावातली प्रत्येक सांगड तेजलने स्वतः बसवली होती. एका होडीवर मात्र ती भांडून बसवावी लागली, आणि ती होडी तिच्या वडिलांची होती.

"ही सांगड न्हय, चुगलखोर असा," बाबल मेथर म्हणाले होते. "मी खंय उभो रवलंय, माका काय गावला, सगळा दर्याभर सांगत सुटता."

"बाबा, रेडिओक ठिकाण म्हायत नसला तर तुमका शोधूचा कसा?"

"माझ्या बापाशीकडे खंय होतो रेडिओ?"

तेजलने तरी सांगड बसवलीच. पण म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं. सांगड आली तेव्हा पहिला हंगाम सगळ्यांचीच चंगळ झाली. मग पडद्यावर दिसलेलं एकेक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा, सगळ्या जाळ्यांनी मिळून धुऊन काढलं आणि पिवळे डाग विरळ होत गेले. पश्चिमेला एक तुकडा तेवढा अजून कोरा होता. तिथे बाबलचं चोरखडप होतं. गोबरे मासे विणीसाठी तिथे येत आणि बाबल फक्त गळ टाकून मोजके मासे आणत. तेजल लहान असताना त्यांनी तिला एकदा तिथे नेलं होतं आणि कुणाला न सांगण्याची ग्रामदेवी सातेरीची शपथ घालून ती जागा ओळखायच्या जमिनीवरच्या खुणा दाखवल्या होत्या.

एका दुपारी वारा अचानक उलटला आणि पडद्यावरचा एक ठिपका तांबडा झाला. 'जलकन्या', बाबल मेथर. मागोमाग रेडिओ खरखरला. "तेजल... पाणी भरता गो... गुणो..." आणि आवाज तुटला. गुणा म्हणजे बाबलचा पुतण्या, होडीवरचा दुसरा माणूस.

ठिपका बंदराच्या तोंडाशी होता, अगदी बत्तीच्या, म्हणजे दीपगृहाच्या, पायथ्याला. तेजल धावत खिडकीशी गेली. बत्ती समोर होती. तिच्या खालचं पाणी खवळलेलं होतं, पण मोकळं होतं. तिथे होडी नव्हती, फळकूट नव्हतं, माणूस नव्हता.

किनारा बचाव केंद्रातून इंगळे साहेबांचा फोन आला. "ठिकाण तर तुमच्या दारातलं दाखवतंय. होडी दिसते का?"

"नाही. तिथे काहीच नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उमगलं. बंदर सोडल्यावर बाबांनी तार उपटली होती. खडपाकडे जाताना ते नेहमीच असं करत असणार. रेडिओला मग शेवटचं जे ठिकाण माहीत होतं, तेच त्याने इमानदारीने सांगितलं.

"आम्ही ड्रोन पाठवतो, पण शोधायचं कुठे?" साहेब विचारत होते. "आणि यायला वेळ लागेल."

एवढ्यात रेडिओवर सदू तारींचा आवाज आला. बाबल कुठे मासे धरतात ते शोधण्यात या माणसाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "तेजल, खंय जांव तां सांग. पश्चिमेक मीच जवळ असंय."

दर्यावरची प्रत्येक होडी हेच ऐकत होती. तेजलला शपथ आठवली, तरी तिने रेडिओचं बोलायचं बटण दाबलं. "काका, सातेरीचो कळस दोन डोंगरांच्या खिंडीत धरा. बंदरावयली बत्ती बेटावरच्या शेवटच्या माडामागे लपली काय थांबा. थंय खडप असा. बाबा थंयच असतले."

"थंय?" सदू म्हणाले. "बाजूसून तर मी रोज जातंय गो!"

"काका, एक मागू? सांगडीची तार काढून जाशात? थंयची मासळी सगळ्यांका दिसूक नको."

"आणि माझी होडी त्या खडपार फुटली, तर माका कोण शोधतलो?"

हेच वाक्य तिने सांगड बसवताना गावात घरोघरी ऐकवलं होतं. "रवांदे, काढू नका," ती म्हणाली.

सदूंचा ठिपका पश्चिमेला सरकला आणि कोरा तुकडा भरू लागला. आधी करडी कड आली, मग तांबडा उंचवटा, मग आणखी एक. आणि मग पिवळं, नुसतं पिवळं, इतकं की दारातल्या बायका टोपल्या ठेवून आत आल्या. तेजलला त्याचं काही नव्हतं. तिला पाण्यावरचं हवं होतं आणि पडदा पाण्याखालचं दाखवत होता. तिने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"गावले!" सदू ओरडले. "दोघेव गावले! रिकामे डबे धरून तरंगत होते!"

बायकांनी सातेरीला हात जोडले. तेजल टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. इंगळे साहेबांना तिने कसंबसं कळवलं, डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं.

लांबचे ठिपके वळत होते. दक्षिणेकडचे, मदतीला पोचणं ज्यांना शक्यच नव्हतं, तेही एकामागून एक पश्चिमेला तोंड करत होते.

"दोघेव सुखरूप असत," तिने सगळ्यांना कळवलं. "कोणी थंय जांव नका. परत फिरा."

"बरा, बरा," कोणीतरी म्हणालं. एकही ठिपका फिरला नाही.

रेडिओ पुन्हा खरखरला. आवाज थंडीने कापत होता, पण बाबांचाच होता.

"बाये, आपली जागा कोणाकोणाक सांगलंस गो?"

तेजलचा अंगठा बटणावर होता, आणि सगळा दर्या उत्तर ऐकायला थांबला होता.