हौसतूट

२०७४ साली कराडात पोकर खेळून पोट भरणाऱ्या माणसाला कोणी जुगारी म्हणत नसे. त्याला मुली सांगून येत, त्याचा विमा निघे, आणि पूर्वीच्या बायका "आमचे हे बँकेत असतात" म्हणायच्या त्याच थाटात आताच्या बायका "आमचे हे पोकरात असतात" असं सांगत. गोदावरी शेटे रोज साडेदहाला जेवणाचा डबा घेऊन चौकट क्लबात जायची, अकरा ते पाच खेळायची आणि सहाच्या आत घरी यायची.

गोदावरी हे नाव तेव्हा नव्यानं फॅशनमध्ये आलं होतं. तिच्या सासूचं नाव मात्र सायली. म्हणजे नावावरूनच कळावं की बाई सत्तरीच्या पुढची असणार. नवरा केशव जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात दोघीच, आणि दोघींचं गूळपीठ होतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. गोदा त्यांना त्या भागातल्या रीतीनं 'आत्ती' म्हणायची. आत्तींनी अकरा वर्षांत सुनेला "बरं केलंस" एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

पण गल्ला त्यांच्या हातात होता.

पोकरातला पैसा पगारासारखा येत नाही. एका महिन्यात दोन लाख येतात, पुढचे तीन महिने खिशातून जातात, आणि दूधवाल्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. चांगले चांगले खेळाडू बुडतात ते खेळता येत नाही म्हणून नव्हे. बरकतीच्या महिन्यात गाडी घेतात आणि वाईट महिन्यात टेबलावर ठेवायलाच काही उरत नाही, म्हणून बुडतात. सायलीबाईंनी तीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी चालवली होती आणि एकदाही कुणाचा पैसा बुडू दिला नव्हता. सुनेचा धंदा काय आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन स्टीलचे डबे मांडले. एकात बियाणं, म्हणजे खेळायचं भांडवल. दुसऱ्यात घरखर्च. तिसरा विसरायचा; त्यात टाकलेला पैसा आपला नाहीच असं समजायचं.

नियमही त्यांचेच. एका बैठकीला बियाण्याच्या चाळिसाव्या भागापेक्षा जास्त न्यायचं नाही. लागोपाठ तीन दिवस हरलीस तर वाद न घालता लहान टेबलावर बसायचं. मोठं जिंकलीस तर दोन दिवस घरी, डोकं थंड होईतो. आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न: "त्या टेबलावर हसत हसत कोण हरतंय?" हौसेखातर पैसा सोडणारा कुणी नाही असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलाला रामराम. बाईंना पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. राजाला त्या दाढीवाला म्हणत.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या मोठ्या टेबलावरून गोदाला बोलावणं आलं होतं. आत्तींनी बियाण्याचा डबा उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "ह्यात दहा बैठका बसतात. चाळीस बसतील तवा जा." गोदा आठ दिवस बोलली नव्हती. तिच्या मनात पक्कं होतं, की आपल्या अंगात पुण्याची विद्या आहे आणि या म्हातारीनं ती डब्यात कोंडून ठेवली आहे.

ती विद्या सिद्ध करायची वेळ अखेर आली. कृष्णेच्या बाजूला तोंड असलेलं, वर गच्ची असलेलं एक घर विकायला निघालं. दोघींनाही ते घर एकाच वेळी आवडलं, हीच मुळात ऐतिहासिक घटना. विसरायच्या डब्यातून इसार दिला. उरलेल्या रकमेसाठी कर्ज हवं होतं, आणि बँकेनं मागितला कसब-दाखला, म्हणजे कमाई नशिबाची नसून कसबाची असल्याचा पुरावा. महिन्याभरात दाखला नाही, तर घर दुसऱ्याचं.

कसब-दाखला देई ते यंत्र म्हणजे दैवचाळणी. तिचा जनक डॉ. अथर्व उकिडवे कराडचाच, आणि दाखल्यासाठी त्याच्या केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ती स्वतः समजावून सांगायचा त्याला भारी सोस. गोदा आणि सायलीबाई समोर बसल्या तशी त्यानं चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

"तुम्हाला दोन एक्के आले, हे दैव. एक्के आल्यावर तुम्ही किती लावले, हे कसब. बाहेरून दोन्ही एकच दिसतं, कारण शेवटी हातात पैसाच येतो. माझं यंत्र तुमचा प्रत्येक डाव दहा लाख वेळा पुन्हा खेळतं. तुमची चाल तीच, पत्ते मात्र दर वेळी वेगळे पडलेले. सगळ्याची सरासरी काढली, की जे उरतं ते कसब. सरासरीच्या वर-खाली झालं ते दैव."

"म्हंजी पीठ चाळल्यावानी," सायलीबाई म्हणाल्या.

"अगदी! कोंडा वर, पीठ खाली."

"मग कोंड्याचा भाव काय देता?"

उकिडवे हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच भाव हवा होता.

क्लबानं अकरा वर्षांचे सगळे डाव पाठवले होतेच. पण पैसा कधी काढला, कधी घातला, कोणत्या दिवशी कोणतं टेबल सोडलं, हेही यंत्राला लागे. ते सायलीबाईंच्या अकरा वह्यांत होतं. वह्या यंत्रात गेल्या. अर्ध्या तासानं कागद बाहेर आला आणि उकिडव्यानं तो दोनदा वाचला.

"तुमच्या कमाईच्या प्रत्येक रुपयातले एकतीस पैसे दैवाचे," तो म्हणाला. "हे उत्तमच. पुष्कळांचं नव्वदच्या पुढे जातं. उरलेले एकोणसत्तर पैसे कसबाचे. त्यात पत्ते खेळण्याचे आठ." त्यानं बोट पुढच्या ओळीवर नेलं. "आणि पैसा सांभाळण्याचे, टेबल निवडण्याचे, वेळेवर उठण्याचे एकसष्ट."

गोदाला आधी वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. मग तिनं विचारलं, "आणि पुण्याला गेले असते तर?"

उकिडव्यानं कागद उलटला. "शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा वर्षाच्या आत बियाणं संपतं. बाई, शून्याची एक खोड आहे. शंभर वेळा खाली आलात तरी परत वर जाता येतं, पण शून्याला एकदा शिवलात की तिथून खेळता येत नाही. तुम्ही चांगल्या खेळता. पण चांगलं खेळणारे पुष्कळ असतात. शून्याला न शिवणारे फार थोडे."

दाखल्यावर सरळ लिहिलं होतं. मुख्य व्यावसायिक: सायली शेटे. आणि खाली, लहान अक्षरात: खेळणारा हात: बदलता येण्याजोगा.

आयुष्यात एकदाही पत्त्याला हात न लावलेली बाई एकाहत्तराव्या वर्षी सरकारमान्य पोकरपटू झाली होती. तिच्या नावावर कर्ज मंजूर होणार होतं. गोदाला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. अकरा वर्षं जिच्यावर घर चालतं असं ती समजत होती, ती विद्या आठ पैशांची निघाली होती.

"आणखी एक," उकिडवे जरा चाचरत म्हणाला. "नियमानं मला सांगावं लागतं. याहून सरस खेळणारे सहा हात आत्ता मोकळे आहेत. तुमचा गल्ला आणि त्यांचा खेळ एकत्र आला, तर कर्ज चार वर्षं आधी फिटेल. ही यादी."

गोदानं सासूकडे पाहिलं नाही. पाहवेना. अकरा वर्षांत कौतुकाचा शब्द न काढलेली, पैशाला पैसा जोडणारी बाई आता काय करणार, हे सांगायला यंत्र कशाला हवं?

सायलीबाईंनी यादी लांब धरून वाचली. सहाही नावं वाचली. मग घडी घालून परत दिली.

"नवं भांडं आणलं की ते कुठं गळतंय ते हुडकत बसायला लागतंय," त्या म्हणाल्या. "हिचं कुठं गळतंय ते मला ठावं हाय."

"मग दर महिन्याला हौसतूट लागेल," उकिडवे म्हणाला. "म्हणजे सरस हात मिळत असताना तुम्ही हाच ठेवला, त्यानं किती कमी आलं, तो आकडा. बँकेला तो लागतो. तूट मला माहीत आहे आणि मान्य आहे, अशी दर महिन्याला सही करावी लागेल. सही केली नाहीत, की हात आपोआप बदलतो."

"पेन द्या," बाई म्हणाल्या.

घर झालं. वास्तुशांतीला केशव आला, गच्चीवर पंगत बसली, आणि सायलीबाईंनी भिशीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांना आपला दाखला फ्रेम करून दाखवला. गोदा वाढत होती आणि मनातून धुमसत होती. भांडं! गळकं भांडं!

पहिल्या महिन्याचा कागद आला. हौसतूट: अठरा हजार सहाशे चाळीस रुपये.

आकडा बघून गोदाचा चेहरा उतरला. एवढी का मी वाईट? सायलीबाईंनी चष्मा लावला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. याच बाईनं महिन्याभरापूर्वी कोथिंबिरीच्या दोन रुपयांसाठी अख्खी मंडई फिरून काढली होती. त्यांनी सही केली, कागद सरळ केला आणि म्हणाल्या, "चहा टाक."

गोदा चहा टाकायला गेली आणि पातेल्यात पाणी ओतता ओतता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अठरा हजार सहाशे चाळीस ही तिची नालायकी नव्हती. तिला ठेवण्यासाठी या बाईनं जाणूनबुजून, सही करून मोजलेली ती रक्कम होती. जे अकरा वर्षांत तोंडातून निघालं नव्हतं, ते आज पै-पैशानिशी लिहून आलं होतं. इतका आनंद तिला कुठल्याही डावानं दिला नव्हता. त्या दिवशी चहात साखर दुप्पट पडली, आणि आत्ती चक्क काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर गोदा जी खेळू लागली! सकाळी तासभर जुने डाव घेऊन बसायची, कुठं चुकलं ते शोधायची. आपल्यामुळे म्हातारीला तोशीस पडू नये एवढंच तिच्या मनात होतं. तूट पंधरा हजारांवर आली, मग नऊवर, मग चारवर. दर महिन्याला कागद आला की दोघी गच्चीत बसायच्या. "उतरला की गं," आत्ती म्हणायच्या. हे जवळजवळ कौतुकच होतं. एकदा तर त्यांनी स्वतःच्या हातानं बेसनाचे लाडू वळले आणि वर "डबा रिकामा दिसत होता म्हणून" असंही सांगितलं. दीड वर्षात तूट तीनशे दहा रुपयांवर आली.

आणि मग उकिडव्याचा आनंदानं उतू जाणारा फोन आला. "अभिनंदन, गोदावरीबाई! या महिन्यात तूट शून्य होणार. शून्य झाली की तो रकानाच कागदावरून जातो. सही नको, काही नको!"

गोदानं आभार मानले आणि फोन ठेवला.

रकाना गेला, की आत्तींना सही करायची नाही. मग त्यांनी आपल्याला का ठेवलं आहे? परवडतं म्हणून. आपल्याहून चांगला हात मिळत नाही म्हणून. यादीतला कुठलाही हात त्यांनी तसाच ठेवला असता. कदाचित माया तेवढीच राहील. पण ती आहे हे कळणार कुठून? अकरा वर्षं कुठं कळलं होतं?

ही भीती एकट्या गोदाची नव्हती. बँकांची बघून एव्हाना दुकानदारांनी, सोसायट्यांनी, शेवटी लग्न झालेल्या जोडप्यांनीही हौसतूट काढून घ्यायला सुरुवात केली होती. पाचआकडी तूट असलेले नवरे मिशीला पीळ भरून हिंडत. ज्यांची शून्य आली, ती जोडपी एकमेकांकडे जरा जपून बघत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चौकट क्लबात गोदाच्या हातात दोन राजे आले. समोरचा गृहस्थ हसत हसत हरणाऱ्यांपैकी होता आणि त्यानं भरपूर लावलं होतं. गोदानं क्षणभर दोन्ही पत्ते बघितले. मग आयुष्यात पहिल्यांदाच, सगळं कळत असताना, ते पालथे करून टाकून दिले. घरी येताना ती गुणगुणत होती.

दोन दिवसांनी कागद आला. हौसतूट: चारशे बारा रुपये. खाली यंत्रानं चोख कारणही दिलं होतं: तीस तारीख, दुपारी सव्वातीन, दोन राजे, विनाकारण सोडले.

सायलीबाईंनी चष्मा लावला. आकडा वाचला, कारण वाचलं. पुन्हा वाचलं.

"दाढीवाले दोन दोन आलते व्हय?"

"हो, आत्ती."

"आन् टाकलेस?"

"टाकले."

बाईंनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. मग पेन उघडून सही केली. रोजच्यापेक्षा मोठी, शेपूट ओढून. कागदाची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "एवढंच टाकत जा म्हैन्याला. जास्त नको. बियाणं खायचं नसतंय."

मग चहा टाकायला त्या स्वतःच उठल्या.