पान एक्केचाळीस, चौथी चौकट

"शाई आत चालत नाही."

हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा. देशाचे जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या अभिलेखागारात, वाचनकक्षाच्या दारालगतच्या टेबलावर बसून त्याने सहा वर्षं हेच केलं होतं. पण त्या दिवशी ते म्हणायला अंमळ उशीर झाला. समोरची मुलगी आत येऊन बसली होती, आणि तिने शाईची बाटली उघडून ठेवलीही होती.

"मग काय चालतं?" तिने विचारलं.

"पेन्सिल."

"आणि पेन्सिलीला टोक?"

"बाहेर जाऊन काढायचं. भुगा पडतो."

"श्वास घेतलेला चालतो ना... की त्यालाही बाहेर जायचं?"

"हळू घेतलात तर चालेल," तो म्हणाला, आणि आपण थट्टा केली हे त्याच्याच उशिरा लक्षात आलं. कोपऱ्यात फाटके कागद चिकटवत बसलेल्या मावशींनी मान वर केली. सहा वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच असं काही ऐकलं होतं.

ती कॉमिक्स काढायची. यावेळचं पुस्तक देशाच्या इतिहासाचं होतं. पण शाळेत पाठ करायला लावतात त्या इतिहासाचं नव्हे, तर त्याला प्रश्न विचारणारं. तिने मागणीची चिठ्ठी भरून त्याच्यापुढे सरकवली. काय हवे, कशासाठी, परतीची तारीख, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'काय हवे'च्या पुढे तिने लिहिलं होतं, 'गोदीतला गोळीबार, त्या आठवड्याची जावक नोंदवही.'

त्याने चिठ्ठी वाचली. मग त्याने शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. गहाळ.

ते खोटं होतं. वही तिसऱ्या रांगेत, जमीनमोजणीच्या नकाशांच्या मागे होती. चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ती तिथे सरकवली होती.

त्याचं कारण असं. देश नवा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी गोदीतल्या कामगारांनी संप केला आणि गोळीबारात अकरा माणसं मेली. पाठ्यपुस्तकात या अकरा जणांना दीड ओळ मिळाली होती: 'जमावाने दगडफेक केल्यामुळे नाइलाजाने गोळीबार करावा लागला.' आधी दगड पडले की आधी हुकूम निघाला, हे ज्या वहीवरून कळलं असतं ती ही. कचेरीतून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र तिच्यात वेळेसकट नोंदलं जाई. त्या दिवसाच्या नोंदीवरची शाई डावीकडून उजवीकडे पुसटलेली होती. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा फिरतो तशी. ते अक्षर त्याच्या आजोबांचं होतं. लहानपणी पाटीवर त्याने तेच गिरवलं होतं. ज्या हाताने आपल्याला मुळाक्षरं शिकवली, त्याच हाताने तो हुकूम रवाना केला, एवढं त्याला कळलं आणि त्याने वही मिटली. पुढचं काही बघण्याचं धाडस झालं नाही.

ती मात्र रोज यायला लागली. पोलिसांची टिपणं, गोदीचे नकाशे, हुकमाची प्रत... त्याने तिला बाकी सगळं शोधून दिलं, न मागितलेलंसुद्धा. चोराच्या मनात चांदणं, म्हणून असेल. किंवा ती कागदावर वाकली की कानामागची पेन्सिल घरंगळायची आणि ती न बघता हवेतच पकडायची, ते पाहायला मिळावं म्हणूनही असेल.

"दफ्तरदार," ती त्याला म्हणायची, "तुम्ही कधी कुणाला हसून कागद दिलाय?"

"कागद हसत नसतात."

"मी तुमच्याबद्दल विचारतेय."

"माझी अजून छाननी चाललीये..."

"पेन्सिलीनं करू का शेरा? खोडता येईल."

मावशी खळीची वाटी उगाचच ढवळत बसायच्या.

तिसऱ्या आठवड्यात तिने त्याला पानं दाखवली. तो एरवी कॉमिक्स वाचणाऱ्यातला नव्हता, पण बघता बघता गुंतला. गोदीचं फाटक, डबा उघडून बसलेली माणसं, एकाच्या हातात मुलीने शिवून दिलेली टोपी. भाषण ठोकणाऱ्या मंत्र्याच्या तोंडून निघालेला शब्दांचा फुगा इतका मोठा होता की चौकटीत बाकी कुणाला उभं राहायला जागाच उरली नव्हती. त्याला हसू आलं. एक्केचाळिसाव्या पानावर मात्र चौथी चौकट कोरी होती.

"ही राहिली का?"

"राहिली नाही, ठेवलीय. ज्याला कागद नाही ते मी काढत नाही. हुकमाच्या प्रतीवर वेळ आहे, पण ती मागाहूनही घालता येते. हुकूम खरा कधी निघाला ते मला माहीत नाही. मग चौकट रिकामी जाईल."

"लोक म्हणतील छापायला विसरले."

"म्हणू देत. दीड ओळीत सगळं बसवण्यापेक्षा ते बरं."

तिसऱ्या चौकटीत हुकूम नोंदायला बसलेला कारकून होता. त्याने पान जवळ घेऊन नीट पाहिलं. चेहरा त्याचा स्वतःचाच होता. तसंच रुंद कपाळ, तशीच पडती भिवई.

"रागावू नका," ती घाईने म्हणाली. "कारकुनाचा फोटो कुठेच नाही. गर्दीतले चेहरे मी आसपासच्यांचेच घेते. तीन आठवडे समोर तुम्ही आहात... हात आपोआप गेला."

पण तो चेहऱ्याकडे पाहतच नव्हता. कारकुनाने टाक डाव्या हातात धरला होता.

"ते डावखुरे होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती थबकली. "कोण ते?"

त्याने पान टेबलावर ठेवलं.

"डावखुरे तुम्ही आहात. मी तुमचा हात काढला." तिचा आवाज हळू झाला. "हा माणूस कोण होता, तुम्हाला माहितीये?"

"माझे आजोबा."

"आणि वही?"

"...आहे."

तिने पेन्सिली एकेक करून डबीत ठेवल्या. "तुम्ही गहाळ लिहिलंत ना, तेव्हा मला तुमचंच वाईट वाटलं होतं. वाटलं, एक वही हरवली तर बिचाऱ्याला केवढं लागलंय." पानं गोळा करून ती उठली. "परवा हे छपाईला जाणार. जसं आहे तसं."

ती गेल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "फाटलेलं मी जोडते रे. पण दोन्ही तुकडे आणून द्यावे लागतात."

संध्याकाळी घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. गोळीबाराच्या वर्षीच्या 'उत्तम सेवे'बद्दल आजोबांना ते मिळालं होतं, आणि त्याला समजायला लागल्यापासून ते बंदच होतं.

"आई, हे आपण कधी दुरुस्त का नाही केलं?"

"बिघडलंय कुठे? तुझ्या आजोबांनी त्याला कधी चावीच दिली नाही. तुझ्या बाबांनी लहानपणी एकदा दिली होती म्हणे, तर जन्मात पहिला आणि शेवटचा मार खाल्ला."

तो खाली बसला आणि सगळं सांगितलं. वही, नकाशे, ती. आई घड्या घालत ऐकत राहिली. शेवटी हातातला सदरा बाजूला ठेवून ती म्हणाली, "ते जाऊन वीस वर्षं झाली. चार वर्षं तू अब्रू कुणाची राखतोयस, त्यांची की तुझी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अभिलेखागाराच्या साहेबांपुढे उभा राहिला आणि वही आपणच लपवल्याचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि लेखी खुलासा मागितला. सोमवारपासून त्याने वाचनकक्षाऐवजी तळघरात बसायचं असं ठरलं. त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. मग त्याने वही काढली, धूळ पुसली आणि तिला फोन लावला.

"आपण मागवलेला दस्तऐवज उपलब्ध झाला आहे."

"कधीपासून?"

"चार वर्षांपासून."

ती दुपारी आली. त्याच्याकडे न बघता बसली. नोंदीवर बोट न टेकवता, वरून फिरवत तिने वाचलं. गोळीबाराची परवानगी, रवाना, सकाळी नऊ चाळीस. मग तिने आपली टिपणं शेजारी मांडली. तिचा चेहरा बदलत गेला.

"हे तुम्ही ताडून पाहिलं नाहीत?"

"अक्षर ओळखलं आणि तिथेच थांबलो."

"दगड पडले अकरा वाजता. हुकमाच्या प्रतीवर वेळ आहे साडेअकराची. पोलिसांच्या टिपणातही साडेअकराच. सगळ्यांनी दगडांनंतरची वेळ घातली. नऊ चाळीस फक्त एकाच माणसाने लिहिलंय."

तो त्या पुसटलेल्या शाईकडे बघत राहिला. डोळे भरून आले ते त्याने लपवलं नाही. "म्हणजे ते... चांगले होते?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. तिने त्याला खोटा दिलासा दिला नाही, आणि त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात आहे हे त्याला स्वच्छ कळलं. "त्यांनी खरी वेळ लिहिली. आणि पत्र जाऊ दिलं. दोन्ही त्यांनीच केलं. मी दोन्ही काढीन."

तिने तिथेच, पेन्सिलीने, चौथी चौकट भरायला घेतली. वहीचं पान, नऊ चाळीस, आणि त्यावरून फिरून गेलेला तळवा. शाई टेबलावर नव्हती, तरी काळी रेघ ओली वाटत होती.

"चेहरा बदलू का कारकुनाचा?" तिने मान खाली ठेवूनच विचारलं.

"नको. मी त्यांच्यासारखाच दिसतो."

"लोक रस्त्यात ओळखतील."

"ओळखू देत."

पेन्सिल थांबली. "काल चिडून तो चेहरा खोडायला बसले होते. खोडला... आणि दुसरा काढायला गेले तर परत तोच आला. तीनदा." मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमच्यावरचा राग गेला नाहीये अजून, समजलं? पण आता तुमचं जे काही म्हणणं असेल ते लेखी द्या. कागद नसेल तर मी काही धरत नाही."

त्याने खणातून मागणीची कोरी चिठ्ठी काढली. डाव्या हाताने लिहिताना तळव्याने अक्षरं पुसट होत गेली, पण वाचता येत होती. काय हवे: आपण. कशासाठी: रोज भांडायला, आणि मी काही लपवू लागलो तर पकडायला. परतीची तारीख: त्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली. मग चिठ्ठी तिच्याकडे सरकवली.

तिने दोनदा वाचली. कोपऱ्यात मावशींनी खळीची वाटी ढवळणं थांबवलं.

मग कानामागची पेन्सिल घेऊन तिने शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. उपलब्ध. आणि मनगटावरचं घड्याळ बघून, खाली वेळ घातली. चार वाजून दहा मिनिटं. खरी.