झाकण पास होईपर्यंत

तिच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याची पिशवी फाटली आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या गडगडत तिच्या पायाशी आल्या. तिने एक उचलली, सवयीने झाकण दाबून फिरवलं, आणि... उघडलं की!

"हे कुणी केलं?"

"मी. दातांचा डॉक्टर आहे. पेशंट कमी, उद्योग फार."

तिला हसू आवरेना. तिची औषध कंपनी याच झाकणापायी हात टेकून बसली होती. लहान मुलांना उघडू नये, पण म्हाताऱ्या बोटांना उघडावं, असं झाकण कंपनीच्या इंजिनिअरांना काही जमेना. शेवटी साहेबांनी जाहीरच करून टाकलं, बाहेरच्या कुणालाही सुचलं तर पाठवा! ढीगभर कल्पना आल्या. त्यांतली ही एक, आणि तपासणार होती ती. अट एकच. तपासणाऱ्याने कल्पनेच्या मालकाला ऑफिसबाहेर भेटायचं नाही. भेटलं तर कल्पना बाद.

मग तो दर आठवड्याला यायचा, टेबलापलीकडे बसायचा, आणि ती झाकणात खोट काढायची.

"आज काय बिघडलं?"

"कड जरा... टोचते."

"कुठे? दाखवा बघू बोट."

ती बोट पुढे करायची आणि पटकन मागे घ्यायची.

"बाहेर पाऊस आहे. छत्री एकच आहे माझ्याकडे," एकदा तो म्हणाला.

"मग जपून जा."

तो गेला. छत्री दिसेनाशी झाली तरी ती खिडकीशीच उभी राहिली. कड टोचत नव्हती, झाकणात कधीचीच खोट उरली नव्हती. तिला फक्त तो पुन्हा यायला हवा होता. तेवढ्यात साहेबांनी बजावलं, "पुढच्या भेटीत निकाल द्या, नाहीतर दुसऱ्याचं झाकण घेऊ."

तो आला तेव्हा तिने मान खाली घालूनच सांगितलं, "पास करतेय. पण बाटली बाजारात येईपर्यंत तपासणी माझ्याकडेच. तपासणारा बदलला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर्ष तरी जाईल... तोवर अट कायम. आणि तुम्हाला बोलवायला आता कारण नाही."

त्याने टेबलावरची बाटली उचलली. मग म्हणाला, "मी कल्पना मागे घेतो. आत्ता. मग कसली अट?"

'घ्या' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला.

"कुणासाठी केलंत हे झाकण?"

"बाबांसाठी. बोटं वळत नाहीत त्यांची. एका गोळीसाठी शेजाऱ्यांना हाक मारतात."

"असे किती बाबा असतील..." तिने मान वर केली. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. जिवापाड आहे. पण मागे घेतलंत, तर मनातून उतराल."

त्याने बाटली परत तिच्यापुढे ठेवली.

"वर्षभर वाट बघशील?" त्याने विचारलं.

"बघेन. तू?"

"हे काय विचारणं झालं?"

तिने 'पास' लिहून सही केली. तो उठला आणि जिन्याने खाली उतरू लागला. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ती धावत त्याच्यामागे गेली असती, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.