कोपऱ्याआडचा उजेड

दार धाडकन उघडलं आणि माझ्या सकाळभराच्या मेहनतीवर पाणी पडलं.

"बाटली आणलीय," दारातला उंच माणूस म्हणाला. पावसाने निथळणारा, अंगात पांढरा एप्रन, छातीशी फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली... आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू मी त्याचीच वाट बघत बसले होते.

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. माझा कॅमेरा धावता प्रकाश टिपतो, पण एका दमात नाही. लेझरचा तोच क्षणभराचा झोत पुन्हा पुन्हा बाटलीत सोडायचा आणि त्याचं हलतं चित्र ओळीओळीने जमवायचं, तासभर. तेवढ्यात खोलीत काही हललं, बाहेरचा उजेड आला, की सगळं मुसळ केरात. त्याने सगळं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे प्रकाशाचा फोटो काढायचा, तर बाकी सगळ्यांनी पुतळा व्हायचं?"

मला हसू आलं. आणि हसू आल्याचा राग आला.

शेजारच्या इमारतीतल्या काचेच्या भट्टीवर तो काम करायचा. मी त्याचं नावच काचवाला ठेवलं. बाटलीत पाणी, पाण्यात दुधाचे थोडे थेंब, म्हणजे प्रकाशाची वाट दिसते. काच मात्र निर्दोष हवी. ही जाड आहे, ती वाकडी आहे, असं म्हणत मी बाटल्या परत पाठवायचे. खरं सांगू? तिसऱ्या बाटलीनंतर एकीतही खोट नव्हती. त्यालाही ते कळत असावं, तरी तो नवी घेऊन यायचाच. तुमच्या डोक्यापुढे आमची भट्टी गार, म्हणायचा. मग झोत सुरू करायच्या आधी मी त्याला हाकलायचे आणि तो मुकाट्याने दाराकडच्या आडभिंतीमागे दिसेनासा व्हायचा.

आईचा फोनवर एकच धोशा. अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलंस तर तुला बघणार कोण?

चित्रं सुरेख यायला लागली होती. प्रकाशाचा पुंजका बाटलीच्या तळातून बुचाकडे सरकताना अगदी स्पष्ट दिसायचा. पण एक पनवती होती. मागच्या भिंतीवरचा उजेड विझला, की सगळ्यात शेवटी तिथे एक फिकट डाग उमटायचा. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, शुक्रवारी काम तपासायला पाहुणे येणार, आणि हा बिघाड तसाच राहिला तर खोली दुसऱ्या गटाला जाणार. या खोलीपायी मी दोन स्थळं आणि एक बरी नोकरी नाकारली होती. मी कॅमेरा खोलला, तारा बदलल्या, रडलेसुद्धा. एक दिवस डाग आपोआप गेला. त्या दिवशी काचवाला बहिणीकडे गेला होता, मला करमत नव्हतं, पण चित्र मात्र लख्ख होतं. सुटले, असं वाटलं.

शुक्रवारी शेजारच्या खोलीत पाहुण्यांचा चहा होईतो मी नवं चित्र जमवलं, ते तिथल्या पडद्यावर आलं... आणि डाग हजर.

"अजून तेच?" बाईंनी हळूच विचारलं. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. काचवाला नव्हता, त्या दिवशी डागही नव्हता! उशिरा आलेला प्रकाश म्हणजे लांबून फिरून आलेला प्रकाश. नवशिक्यांना हे मीच शिकवते, आणि स्वतः तारा बदलत बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी घाईघाईने अंतर काढलं. भिंतीवरून आडभिंतीमागे, आणि तिथे कशावर तरी आपटून परत भिंतीवर. बरोबर जुळलं.

"बाई, हा बिघाड नाही," मी म्हटलं. "माझा कॅमेरा कोपऱ्याआडचं बघतोय. आडभिंतीमागे कुणीतरी उभं आहे."

चुकले असते तर खोली गेली असती आणि अब्रूही. बाई जाऊन बघून आल्या. मागून काचवाला. डोळ्यांवर लेझरचा काळा चष्मा, पांढऱ्या एप्रनवर हातांची घडी, कान लालबुंद.

पाहुण्यांनी त्याला दुपारभर आडभिंतीमागे इकडून तिकडे उभं केलं आणि डाग त्याच्यामागोमाग सरकत राहिला. शेवटी टाळ्या वाजल्या. खोली माझीच राहिली, आणि वर शेजारचीही मिळाली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सगळे गेल्यावर मी त्याला गाठलं. तिथून मी दिसतसुद्धा नाही, मग तासन्‌तास करत काय होतात, असं विचारलं.

"ऐकू येतेस," तो म्हणाला. "काम करताना गुणगुणतेस तू. बेसूर... पण मला आवडतं. तू आवडतेस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस, हललं की चित्र बिघडतं. भीती वाटली... बिघडेल म्हणून."

"आता हललास तरी चालेल," मी म्हटलं.

तो हलला. मीही हलले. एप्रनला धुराचा आणि पावसाचा वास होता.

तेवढ्यात आईचा फोन आलाच. तिला बोलूच दिलं नाही मी. "आई, बघणारा मिळाला," मी म्हटलं. "फोटोही आहे माझ्याकडे. जरा फिकट आलाय, पण तोच आहे."