कानाचा तक्ता

चिमणीच्या आईला उघडी भिंत खपत नसे. नव्या घरात येऊन महिना उलटला, सामान जागच्या जागी लागले, परंतु बैठकीपासून मुलीच्या खोलीपर्यंत जाणारा चिंचोळा बोळ मात्र, एक घड्याळ सोडले तर, अजून ओकाबोका दिसत होता. अशातच एका जुन्या शाळेची प्रयोगशाळा मोडीत निघत असल्याचे कानावर आले, आणि एका सकाळी ती विज्ञानाचे जुने तक्ते पाहावयास एकटीच तिथे गेली.

तक्ते दाखवायला प्रयोगशाळेचे एक वृद्ध शिपाई तेवढे उरले होते. कापडावर चिकटवलेले, वर-खाली लाकडी दांड्या असलेले तक्ते त्यांनी एकेक करून उलगडले. तिने बेडूक निवडला, नेच्याचे पान निवडले, चंद्राच्या कला निवडल्या. सर्वांत शेवटी निघाला तो कानाचा तक्ता. गुलाबी-तपकिरी रंगांतला पुरुषभर उंचीचा कान. आत वेटोळे घालून बसलेला शंख. प्रत्येक भागावर बारीक आकडा. रंग काल भरल्यासारखे ताजे होते.

"हाच एवढा नवा कसा राहिला हो?"

"शिकवून झालं की लगेच गुंडाळायचा, अशी इथली शिस्त होती, बाई." नाडी बांधता बांधता शिपाई थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तास संपला की गुंडाळायचा. आणि एकदा गुंडाळला, की आतून हाक आली तरी उघडायचा नाही."

उतारवयात माणसाला वस्तूंचाही लळा लागतो, असे मनाशी म्हणून ती हसली. घरी ही गोष्ट तिने कुणाला सांगितलीसुद्धा नाही.

फ्रेमवाल्याने आपल्या रीतीप्रमाणे दांड्या काढून फेकल्या, कडा छाटल्या आणि चारही तक्ते जाड पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवून वर काच बसवली. "आता बघा ताई, गुंडाळायची भानगडच नको!" तो अभिमानाने म्हणाला.

कान लागला बोळाच्या टोकाला, चिमणीच्या दाराशेजारी. सासूबाई चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"भिंतींना कान असतात हे ऐकून होते. तू तर तो काच लावून मिरवतेस! उद्या नाक आण म्हणजे झालं."

सगळे हसले. चिमणी तर पोट धरधरून हसली. पुढे तिच्या आईला आठवू लागले, की ते हसू बोळात घुमले नव्हते. कापसात पडावे तसे पडले होते.

आधी बोळातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली. काटे फिरत होते, आवाज नव्हता. मग पावलांचा आवाज गेला. जुन्या कागदाला येतो तसा कुबट, खडूच्या धुळीचा वास मात्र दिवसेंदिवस दाटत चालला. घर शांत झाले म्हणून चिमणीचे बाबा खूश होते.

आठव्या दिवशी चिमणीने जेवणाच्या ताटावरून मान वर केली आणि विचारले, "आई, तू हळू का बोलतेस?"

हळू कुणीच बोलत नव्हते.

डॉक्टरांनी कान तपासले, यंत्रे लावली, आलेख काढले. "कानांत काडीचाही दोष नाही," ते चक्रावून म्हणाले. "पण डावा कान गेल्यातच जमा आहे, आणि उजवाही भराभर उतरतोय. कशानं, ते मला सांगता येत नाही."

सात वर्षांची पोर. त्या दिवसापासून ती आईच्या ओठांकडे टक लावून पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूबाई वामकुक्षीला पडल्या होत्या, चिमणी चित्र रंगवीत होती. आई बोळात उभी राहिली. चित्रातला शंख तिला किंचित ओलसर वाटला. तिने काचेला कान लावला.

टिक... टिक... टिक...

घड्याळ आत वाजत होते. पाठोपाठ पावले. मग सासूबाईंचे "उद्या नाक आण", आणि त्यावर चिमणीचे ते खळखळून हसणे. तिचा स्वतःचाच आवाज आला, "चिमणे, जेवायला चल गं..." आणि या साऱ्याच्या खाली, फार खोल, फळ्यावर खडू ओढल्याचा आवाज, आणि एका सुरात आकडे म्हणणारी पुष्कळ मुले. एक... दोन... तीन...

तिने तक्ता उतरवला, न्हाणीघरात नेला, काच काढली आणि कढत पाण्याने खळ भिजवीत बसली. नखे मोडली. बोटे सोलवटली. फाटता कामा नये, एवढेच तिला कळत होते. दारात उभी राहून चिमणी ओठ हलवीत होती. शब्द उमटत होते की नाही, हे आता आईलाही सांगता आले नसते.

अखेर कापड सुटले. पडद्याची दांडी घालून ती तक्ता गुंडाळू लागली. एक वेढा बसला, आणि बादलीत ठिबकणारे पाणी ऐकू आले. दुसऱ्या वेढ्याला बोळातले घड्याळ. शेवटच्या वेढ्यावर तिने चिमणीची केसांची रिबीन आवळली.

"आई, नळ चालू राहिलाय," मागून चिमणी म्हणाली.

आईने तिला छातीशी धरले आणि ओक्साबोक्शी रडली. डॉक्टरांनी पुन्हा आलेख काढले. दोन्ही कान ठणठणीत! सासूबाईंनी मोकळ्या भिंतीला हात जोडले. गुंडाळी कपाटाच्या माथ्यावर गेली. वाळली, की शाळेच्या शिपायांना परत करायची, असे ठरले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई कपड्यांच्या घड्या करीत होती. चिमणी टेबलाशी बसून गणिते सोडवीत होती. तोच वरून, कपाटाच्या माथ्यावरून, घाबऱ्या स्वरात हाक आली.

"आई..."

आईच्या हातातली घडी उलगडली.

"आई... तू हळू का बोलतेस?"

तिने स्टूल ओढले. ती वर चढली. रिबिनीच्या गाठीला बोटे लागली...

"तास संपलाय ना, आई?" चिमणीने वहीतून मान वर केली नाही, तिची पेन्सिल सावकाश आकडे काढीत राहिली. "मग आतून हाक आली तरी उघडायचा नाही."