शेजारची सीट

सापडला चष्मा? आण इकडे. आणि गुडघा का चोळतोयस रे? स्टिअरिंगवर आपटला होय... सीट एवढी पुढे कोणी ओढून ठेवली म्हणतोस? मग मागे केलीस ना? पार शेवटपर्यंत? बरं केलंस. गाडीला कुलूप लावलंस? मग किल्ली दे. इथे माझ्या मांडीवर राहू दे, सगळ्यांना दिसेल अशी.

बसा आता. ही आमची थोरली पुतणी उद्या स्पोर्ट्स कार चालवून बघायला जाणार आहे म्हणे. पसंत पडली तर घेणार. घे बाई, हौसेला मोल नसतं. फक्त चालवून बघायची ती दिवसाउजेडी, आणि विकणाऱ्याला शेजारी बसवून. का, ते सांगतो. ऐकीव नाही हे. माझ्या सख्ख्या साडूंच्या बाबतीत घडलंय, आणि त्यांनी स्वतः मला सांगितलंय.

साडू म्हणजे तुमच्या काकूच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, माहीत आहे ना? शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. तीसएक वर्षं मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर होता. कॉलेजची पोरं, बँकेतल्या बाया, एक निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांना त्यांनी रस्त्यावर आणलं. चांगल्या अर्थाने म्हणतोय मी. रोज सकाळी शिकणाऱ्याच्या दारात जायचं आणि दोनदा हॉर्न द्यायचा. भर चौकात गाडी बंद पडली, मागचे लोक बोंबलायला लागले, शिकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की एकच वाक्य ठरलेलं. "घाई कोणाला आहे? मी आहे ना शेजारी."

साठी जवळ आली तसं मास्तरांच्या मनाने घेतलं, की पुरे आता. स्कूल बंद करायचं. उरलेले दिवस स्वतःच्या हाताने गाडी चालवायची. आणि तीही साधीसुधी नाही, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकलेली स्पोर्ट्स कार. मला म्हणाले, "मेल्यावर लोक काय म्हणतील हो? जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसला आणि गेला." हसत म्हणाले खरे, पण ते त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं.

मेहुणीबाईंनी कपाळाला हात लावला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. त्या गाडीत बसाल हो, पण उठाल कसे?"

मास्तर ऐकतायत होय! मखमलशेठ म्हणून जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. खरं नाव कोणाला ठाऊक नाही, बोलणं मऊ म्हणून मखमलशेठ. गावाबाहेर त्याची पत्र्याची मोठी शेड. त्याने निरोप पाठवला, तुमच्या मनातली गाडी आलीय, चालवून बघा. दिवसा जायला मास्तरांना लाज वाटली. एखाद्या शिष्याने पाहिलं असतं तर म्हणाला असता, मास्तर म्हातारपणी चळले. म्हणून शेवटचा धडा संपवून रात्री गेले. सतरा नोव्हेंबरची रात्र, गुरुवार. साडेनऊ वाजले होते.

गाडी गडद निळी. पाहताक्षणी मास्तर विरघळले. मखमलशेठ म्हणाला, "मास्तर, एकाच हातची गाडी आहे. दुसरा हात लागलेला नाही हिला." जुन्या गाड्यांच्या धंद्यात असंच बोलतात. एकच मालक झाला, असा त्याचा अर्थ.

मास्तरांनी दार उघडलं, तर सीट पार पुढे ओढलेली. आरसाही खाली वाकवलेला, बुटक्या माणसाला लागतो तसा. मखमलशेठ म्हणाला, "पुसणाऱ्या पोराने केलं असेल." मास्तरांनी सीट मागे ढकलली, आरसा वर केला आणि म्हणाले, "चला, बसा."

"मी कशाला? तुम्ही मास्तर माणूस. तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा? नव्या बाह्यरस्त्याने जा, तिथे चिटपाखरू नसतं. पुढे पुलाचं काम अर्धं राहिलंय, पिंपं लावलीत आडवी. तिथून वळून या."

आता गिऱ्हाईक गाडी चालवून बघतं तेव्हा दलाल शेजारी बसतोच. गाडी घेऊन पळालं तर? मास्तरांना हे कळायला हवं होतं. पण गाडीवर जीव जडलेला. फोनसुद्धा शेठच्या टेबलावर चार्जिंगला लावून निघाले.

सुरुवात काय सुरेख झाली म्हणून सांगू. सरळ रस्ता, रहदारी नाही, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. शेजारी कोणी चुकणारं नाही. मास्तर मला म्हणाले, "साडूराव, मी एकटाच मोठ्याने गात होतो." मनात त्यांनी गाडी घेऊनच टाकली होती.

गोदामं संपली. तिसरा गिअर टाकायला त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला...

तिथे आधीच एक हात होता.

अरे, सरकू नका एवढे एकमेकांच्या अंगावर. ऐका. हात लहान होता. गार. मास्तरांच्या तळव्याखाली घट्ट मूठ वळलेली. त्यांनी चटका बसावा तसा हात काढला. दिव्याच्या उजेडात दांडा दिसत होता, त्यावर काही नव्हतं. भास झाला म्हणाले. पुन्हा हात ठेवला.

होता.

आता गंमत बघा. तुम्हीआम्ही किंचाळलो असतो. मास्तरांची पाचावर धारण बसली होती, पण तोंडातून काय निघालं? तीस वर्षांची सवय. "हात सैल सोड."

आणि मूठ सैल झाली.

त्याच क्षणी गाडीने गचके खाल्ले. एक, दोन, आणि बंद. नवशिक्याने क्लच पटकन सोडला की होतं ना, तसं. पण मास्तरांचा पाय हललासुद्धा नव्हता.

ते दार उघडून बाहेर पडले. किल्ली आतच राहिली. गार वारं, समोर दिव्यांचा उजेड, बाकी मिट्ट काळोख. थोडं चालले, दम घेतला, स्वतःला चार शिव्या घातल्या आणि परत आले. बघतात तर सीट पुढे. पार पुढे. खालचा खटका ओढून बघितला, सीट हलेना. त्यांचं अंग आत मावेना.

आणि पलीकडचं दार... शेजारच्या सीटचं... उघडं होतं. ते त्यांनी उघडलेलं नव्हतं.

मास्तर सरळ गावाकडे चालू लागले. शहाण्या माणसाने तेच करावं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं. पन्नासएक पावलं गेले असतील. मागून आवाज आला.

खर्र... खर्र... गचका. बंद.

कोणीतरी गाडी सुरू करत होतं. गिअरमध्ये ठेवून. पुन्हा. खर्र... गचका. बंद. पुन्हा. आणि मग नुसती शांतता... शिकणारा रडवेला झाला की जशी होते तशी. मास्तर मला म्हणाले, "साडूराव, ती शांतता मला चांगली ओळखीची होती हो."

पुन्हा खर्र. गचका.

हा आवाज ऐकून मास्तर सरणावरूनसुद्धा उठले असते. तिथे तर ते जिवंत होते. पाठमोरेच ओरडले, "अगं न्यूट्रल! आधी न्यूट्रल कर!"

अगं का म्हणाले, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मागे इंजिन सुरू झालं. नीट. आणि गाडी थांबून राहिली, उघडं दार घेऊन.

ते का बसले, विचारू नका. मीही विचारलं होतं. म्हणाले, "शिकणारं माणूस वाट बघत होतं."

बसले. दार आपोआप लागलं. गाडी निघाली. शेजारी सीटवर कोणी दिसत नव्हतं. स्टिअरिंग तेवढं हलत होतं, इकडे थोडं, तिकडे थोडं. पहिला. दुसरा. गिअर बदलताना खरखर. मग तिसरा. मग वेग.

जास्त वेग.

मास्तरांनी ब्रेक दाबला.

ब्रेक नव्हता. ती काय शिकवायची गाडी होती? पायाखाली नुसती चटई. ते दाबत राहिले. सगळा जोर लावून. टाच दुखेपर्यंत. रिकाम्या जागेवर.

चौथा गिअर.

समोर लांब काहीतरी चकाकलं. पिंपं. त्यांच्यामागे अर्धा पूल. त्याच्यापुढे... काही नाही.

"पाय उचल," मास्तर म्हणाले. वेग तसाच. "पाय उचल, बाळ." तसाच. पिंपांवरचे लाल पट्टे दिसायला लागले. स्टिअरिंग थरथरत होतं. गाडीच्या धक्क्याने नव्हे. कोणीतरी घाबरलं होतं. त्यांच्यापेक्षाही जास्त.

तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले. हात गिअरवर ठेवला, त्या गार मुठीवर. आणि म्हणाले...

"घाई कोणाला आहे? मी आहे ना शेजारी."

...

गाडी थांबली तेव्हा पिंप आणि बंपर यांच्यात वीतभर जागा होती.

मग त्यांनी तिला गाडी वळवायला शिकवली. मागे घे, थांब, चाक फिरव. सगळा रस्ता सावकाश आले, दुसऱ्याच गिअरवर. शेडमध्ये गाडी लावून घेतली, हॅन्डब्रेक ओढायला लावला. आणि शेजारच्या दाराने उतरले.

मखमलशेठ दारातच उभा होता. कसाबसा म्हणाला, "मास्तर... तुम्ही इकडून उतरलात. मग चालवत कोण होतं?"

"ते तू सांगायचंस. दुसरा हात लागलेला नाही म्हणाला होतास ना?"

शेठ मटकन खाली बसला. मग बोलला. डोळ्यांचे एक डॉक्टर, त्यांनी घेतलेली गाडी. एकुलती एक मुलगी, अठराची, चणीने लहान, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. बाप म्हणाला होता, आधी शिक, मग गाडी तुझी. पोर रोज संध्याकाळी उभ्या गाडीत सीट पुढे ओढून बसायची, आरसा नीट करायची, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. पहिल्या धड्याच्या दोन दिवस आधी ताप आला. धड्याच्या आदल्या रात्री गेली.

मास्तरांनी विचारलं, "कोणाकडे शिकणार होती?"

शेठने मान खाली घातली. "तुमच्याकडेच."

तेव्हा मास्तरांना आठवलं. सकाळचे सहा. एका बंगल्याचं बंद फाटक. दोनदा हॉर्न दिला, कोणी आलं नाही. तिसऱ्यांदाही दिला. मग आजकालच्या पोरांना झोपच प्यारी, असं पुटपुटत ते पुढच्या शिष्याकडे गेले होते. आत काय झालंय, त्यांना काय माहीत? पण मला हे सांगताना ते लहान मुलासारखे रडले. आत तिला उचलायची तयारी चालली होती, आणि मी बाहेर हॉर्न वाजवत होतो, म्हणाले.

गाडी त्यांनी घेतली नाही. पायाखाली ब्रेक नाही ती गाडी आपली नाही, एवढंच मेहुणीबाईंना सांगितलं. स्कूलही बंद केलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली शिकवायची गाडी उघडली, तर चालकाची सीट पार पुढे होती. आरसा खाली वाकलेला. त्या दिवसापासून सकाळी सहाचा धडा त्यांनी कोणालाही दिला नाही. शेजारी जाऊन बसायचे, तासभर, ब्रेकवर पाय ठेवून. गाडी जागची हलायची नाही. मी एकदा विचारलं, शिकली का हो? तर म्हणाले, "क्लच अजून नीट सुटत नाही."

यंदा मास्तरांचे गुडघे गेले. त्यांनी गाडी मला दिली. हो, तीच, खाली उभी आहे ती. दुसरा ब्रेक काढून टाका म्हणून तुमची काकू मागे लागलीय. मी काढत नाही. मला शिकवायला येत नाही, पण सहाला जाऊन बसतो आपला शेजारी. आज तेवढा नेम चुकला. तुमच्याकडे यायचं म्हणून पहाटेच घाईत निघालो.

तू रे, गुडघेवाल्या. हसू येतंय ना? सीट मागे केलीस तू, पार शेवटपर्यंत. कुलूप लावलंस. किल्ली सगळा वेळ माझ्या मांडीवर आहे, सगळ्यांनी पाहिलंय. ही घे. खाली जा आणि बघून ये. आम्ही गच्चीवरून बघतो. मोबाईलची बॅटरी लाव.

हां. उघडलंस? उजेड आत पाड... दिसतेय का सीट?

काय रे?

...

अरे, बोल की. निदान मान हलव.

...

बरं. बरं. हात लावू नकोस कशाला. पलीकडून जा, शेजारचं दार उघडून ठेव, आणि बाजूला हो.

मी येतो.